पोट तुझं, पोरगी तिची

माझ्या पोटाबद्दल बोलायचा हक्क आमच्या गावात कोणाकोणाला आहे, हे मला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नीट कळलं. सासऱ्यांना होता, सासूला होता, नवऱ्याला तर होताच होता. ग्रामपंचायतीतल्या आमच्या पॅनलला होता, विरोधी पॅनलला त्याहून जास्त होता. सरकारला तर सगळ्यांच्या आधीपासून होता. राहिले मी. माझा नंबर काही लागत नव्हता.

आमचं गाव गोरेगावहून आत, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, मधोमध. माहेर माझं बोदलकशाकडचं, बारावी झालेली, लग्नानंतर दोन मुली. दुसरीच्या वेळी मी गोंदियाला दवाखान्यात होते तेव्हा नर्सबाईला सांगून टाकलं होतं की माझं ऑपरेशन करून टाका, मला आता नको. सासूबाई पायाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, पोरगा होऊ दे, मग बांध काय बांधायचं ते. नर्सबाई शहाणी होती. म्हणाली, मग तुमच्या मुलाचं करा, छोटंसं काम असतं, संध्याकाळी घरी. सासूबाई रागावल्या की पोवारी बोलीत बोलतात. त्या दिवशी जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. मराठीत फक्त एवढं म्हणाल्या की पोराले नांगर धराचा हाय. नांगर आमच्याकडे कैक वर्षांपासून ट्रॅक्टर धरतो. पण बाप्यांच्या अंगाला हात लावायचा म्हटलं की सगळ्यांना नांगर आठवतो, आणि बाईनं टाके ओले असताना धानाच्या रोवण्याला वाकायचं ते कोणाला आठवत नाही.

ऑपरेशन राहिलं. मग मी गोरेगावच्या बाजारातून गोळ्या आणायला लागले. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीत, खाली गोळ्या, वर वांगी. तांदळाच्या डब्यात लपवायचे. एक दिवस सासूबाईंच्या हाती लागल्या. भांडण नाही, तंटा नाही. त्यांनी पाकीट उचललं, चुलीत टाकलं आणि वर भात चढवला.

त्यानंतर पंचायतीची निवडणूक आली आणि आमचा वॉर्ड बाईसाठी राखीव निघाला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जुने राजकारणी. त्यांनी घरातल्या बाया अशा पाहिल्या जशी आपण बाजारात कोंबडी पाहतो. थोरल्या सुनेला, माझ्या जाऊबाईंना, सही धड येत नव्हती. मला लिहिता-वाचता येत होतं. दोनपेक्षा जास्त लेकरं असली तर उभं राहता येत नाही, हा नियम सगळ्यांना पाठ. मामाजी म्हणाले, धाकलीले दोनच हायत, बसते. मी बसले. निवडूनही आले.

पहिले काही महिने नवराच मेंबर होता. सभेला तो जायचा, सही मी घरून करायचे. मग एकदा त्याला ताप होता म्हणून मी स्वतः गेले आणि मला, खोटं कशाला बोलू, ते आवडलं. गावात नळ यायचा उन्हं वर आल्यावर, जेव्हा बाया बांधीत असतात. पाणी यायचं आणि वाहून जायचं, किंवा एखादीला रोजी पाडून घरी थांबावं लागायचं. इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण नळाची वेळ ठरवणारे पाणी भरत नव्हते. मी भांडले आणि नळ पहाटे सोडायला लावला. दुसऱ्या दिवशी बाया मला रस्त्यात थांबवून सांगत होत्या की मेंबरीन बाई, भलं झालं तुमचं. त्या मेंबरकीवर माझा जीव जडला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं गाव म्हणालं की हिला खुर्चीची काय पडली होती, खुर्ची तर सासऱ्याची.

दिवाळी सरली, धान कापून झालं आणि मळणीच्या धुळीत मला मळमळायला लागलं. आधी वाटलं धुळीनं. मग कळलं. मला हे मूल नको होतं. मी न्हाणीत बसून रडले आणि चुलीत गेलेल्या त्या पाकिटाची आठवण काढून सासूबाईंना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या.

नियम असा की मेंबर असताना तिसरं झालं तरी मेंबरकी जाते. मामाजींना बातमी कळली त्या दुपारी त्यांनी मला अंगणात बोलावलं. नवरा खांबाला टेकून उभा. मामाजी म्हणाले की आपलं पॅनल एका मतावर उभं आहे, तुझं मत गेलं की सरपंच पडला. तेव्हा हे खाली करून टाक. सासूबाई आत चुलीपाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, पोरगा असला तं? बघून घ्यायला कायद्यानं बंदी, आणि आमच्या मामाजींना तुरुंगाची फार भीती. मग दोघांमध्ये माझ्या पोटावरून वाद लागला. एकाला खुर्ची हवी, एकीला धाकट्याकडूनही नातू हवा. मी धान पाखडत होते. मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगते, त्या क्षणी विचारलं असतं तर मीही मामाजींच्याच बाजूनं मत दिलं असतं. तरी संताप संताप झाला. जी गोष्ट मी आपणहून केली असती, तिचाच हुकूम झाला होता.

खुर्ची जिंकली. नवऱ्यानं मला मोटारसायकलवर बसवून गोंदियाला नेलं. तिथली डॉक्टरीणबाई हिंदीतच बोलायची, गोंदियात निम्मं गाव बोलतं तसं. तिनं नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. तो म्हणाला, मीच सांगतो ना काय ते. ती म्हणाली, सही इनकी लगती है, आपकी नहीं. दार लावून घेतलं आणि मला विचारलं, "आप क्या चाहती हैं?"

लग्न ठरलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, पहिलीच्या वेळी नाही, दुसरीच्या वेळी नाही, ऑपरेशनचं मी होऊन सांगितलं तेव्हा ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मले ईचार कराचा हाय. ती म्हणाली, कर, अजून थोडा वेळ आहे, पण फार लांबवू नको. नवऱ्याला वाटलं काम झालं. परत येताना गोरेगावच्या फाट्याजवळ त्याला सांगितलं तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली. तो वाईट माणूस नाही. बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटते एवढंच. म्हणाला, तू म्हणशील तसं, पण बाबाले तू सांग.

मी विचार केला. खरोखर बसून केला, घरात कोणी काही म्हणो. आमच्या रोवण्याच्या टोळीतल्या एकीनं दोन वर्षांपूर्वी खाली केलं होतं, नवऱ्याला न सांगता. मीच तिच्यासोबत गेले होते. तिनं बरोबर केलं, आजही मी तसंच म्हणेन. तेव्हा पाप-बिप असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मग मी हे मूल का ठेवलं? लोकांना सांगायला कारणं पुष्कळ आहेत. खरं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. एक दिवस सकाळी उठले आणि मला ते हवं होतं. ज्या दिवशी नको होतं त्या दिवशीचं नकोपण खरं होतं, आणि हे हवंपणही खरं. थोडा हट्टही असेल. बाईच्या मनाला इतकं वळण घ्यायला जेवढी जागा लागते, तेवढी मला त्या डॉक्टरीणबाईनं दिली होती, बाकी कोणी नाही.

मामाजींना मीच सांगितलं. त्यांनी दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात युक्ती आली, आणि ती अशी युक्ती होती की ती फक्त आमच्या मामाजींच्याच डोक्यात येऊ शकते.

मामाजींच्या आईची आधीची लेकरं जगत नव्हती. म्हणून मामाजी जन्मले तेव्हा त्यांना सुपात घालून दाराबाहेर ठेवलं आणि शेजारणीनं ओंजळभर कोंडा देऊन त्यांना विकत घेतलं. अशी रीत आहे आमच्याकडे. विकलेल्या लेकराकडे सटवाई, काळ, कोणी फिरकत नाही, कारण ते त्या घरचं राहतच नाही. राहायचं, खायचं, वाढायचं सगळं आईकडेच, फक्त लेकरू दुसऱ्याचं. ती शेजारीण मरेपर्यंत मामाजी तिला माय म्हणत राहिले, तिच्या मौतीला डोकं यांनीच भादरलं. मामाजींच्या लेखी ते नाटक नव्हतं. ते खरोखर विकले गेले होते आणि म्हणून जगले होते. तेव्हा जी रीत काळाला फसवू शकते, ती तहसीलदाराला का नाही फसवणार?

ते म्हणाले, लेकरू झालं की छट्टीला, सहाव्या दिवशी, सुपात घालून थोरलीला देऊन टाकू. गावासमोर. मग तिसरं तिचं, तुझी दोनच.

मी म्हटलं, मामाजी, अख्ख्या गावानं माझं पोट पाहिलं आहे.

"पोट तुझं, पोरगं तिचं. देल्लं म्हनजे देल्लं."

जाऊबाई तिथंच होत्या. उठून आत गेल्या. मला वाटलं त्यांना राग आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या पायाला तेल चोळायला बसल्या, पाय सुजले होते माझे. चोळता चोळता म्हणाल्या की त्यांना दोन पोरांवर एक मुलगी हवी होती. धाकटा रांगत असतानाच एका सकाळी शिबिराची जीप गावात आली होती. भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, सांगितलं की बस. शेजारच्या तिघीचौघी आधीच बसल्या होत्या. जाऊबाईंना वाटलं पोरांच्या डोसासाठी नेत आहेत. तिथं गेल्यावर कळलं. ऑपरेशन झाल्यावर शाळेच्या वऱ्हांड्यात तणसावर सतरंज्या टाकून निजवलं, संध्याकाळी जीपनं परत. तेव्हापासून त्यांची कंबर दुखते. त्यांनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं. एकाच घरात एकीची नस न विचारता बांधली आणि दुसरीची न विचारता मोकळी ठेवली, आणि दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करत होतो. मी त्यांना म्हटलं, बाई, तुमी तेव्हा नाही काऊन म्हटलं नाही? त्या म्हणाल्या, "कोनी इचारलंच नाही वं. नाही कोनाले म्हनू?"

रोवण्याच्या दिवसांत कळा आल्या. सगळे बांधीत, नवरा परे, म्हणजे धानाची रोपं, काढायला गेलेला. दवाखान्याच्या गाडीला फोन केला तर ती दुसऱ्या गावाला गेलेली. जाऊबाई घरी होत्या. त्यांच्याच हातात झाली. मुलगी. सासूबाई बांधीतून चिखलाच्या पायानं धावत आल्या, पाहिलं, आणि तशाच परत रोवायला गेल्या. मला हसू आलं. एवढ्या दुखण्यातही आलं.

छट्टीला मामाजींनी नवं सूप आणलं. मी खाटेवरून म्हटलं की हे मला मान्य नाही. पण गावातल्या बाया जमल्या होत्या, मामाजींचे डोळे भरून आले होते, त्यांना बहुतेक त्यांची माय आठवत होती. सूप दाराबाहेर गेलं. जाऊबाईंनी ओंजळभर कोंडा दिला, सूप उचललं, आत आल्या आणि मुलीला सरळ माझ्या छातीशी दिलं. म्हणाल्या, भूक लागली हाय तिले. मामाजी खुश. त्यांच्या हिशेबी व्यवहार पूर्ण झाला होता. जन्माची नोंद त्यांनी मुद्दाम लांबवून ठेवली.

विरोधी पॅनल काय कोंडा खाऊन बसलं होतं? तक्रार गेली. तक्रार करणाऱ्याला स्वतःला चार लेकरं, पण ती कायदा यायच्या आधीची म्हणून तो धुतल्या तांदळाचा. थंडीत आम्हाला गोंदियाच्या कचेरीत सुनावणीला बोलावलं. मामाजींनी घरी सगळ्यांची उजळणी घेतली. थोरलीनं मुलीला कडेवर घेऊन बाहेर बाकावर बसायचं. साहेबांनी विचारलं तर मी म्हणायचं, मला दोन. मी काय म्हणणार हे मी सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू, मेंबरकी मला हवी होती. अंगणवाडीच्या छपराचा ठराव माझ्या हातून व्हायचा राहिला होता. दोन म्हटलं असतं तर कदाचित काही महिने निघालेही असते. मुलगी तर घरीच राहणार होती, दूध तर मीच पाजणार होते. एका शब्दानं काय फरक पडतो, असं एसटीत बसून गोंदियापर्यंत मी स्वतःला समजावत गेले.

साहेब तरुण होते, समोर कागदांचा ढीग. आधी मामाजी बोलले. त्यांनी सूप, कोंडा, छट्टी सगळं सांगितलं, अगदी मनापासून, स्वतःची गोष्टसुद्धा सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत. शेवटी मामाजी म्हणाले, पोरगी थोरल्या सुनेची हाय. मग तक्रारदार उठला. त्याला वकिलाचीसुद्धा गरज पडली नाही.

"साहेब, थोरल्या सुनेचं तं ऑपरेशन झालं हाय. याच्याच पोरानं जीपमंदी बसवून देल्लं होतं, आख्ख्या गावानं पाह्यलं. मंग पोरगी आली कुठून?"

मामाजींनी भासऱ्यांकडे पाहिलं. भासऱ्यांनी जमिनीकडे. आमच्या घरातले बाप्ये हे साफ विसरून गेले होते. जाऊबाईंच्या कमरेत ते रोज दुखत होतं आणि यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मला इतका राग आला की कानशिलं तापली. यांनी एका बाईच्या अंगात कायमचं काहीतरी बंद करून टाकलं होतं, आणि नंतर तिच्याच नावावर लेकरू मांडताना त्यांना ते आठवलंही नाही.

साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, बाई, तुम्हीच सांगा. तिसरं अपत्य तुमचं असल्याचा आरोप तुम्हाला मान्य आहे का?

तेवढ्यात बाहेर मुलगी रडली. जाऊबाई तिला जोजवत होत्या, मला ऐकू येत होतं, पण ते रडणं भुकेचं होतं, ते कोणाच्या जोजवण्यानं थांबणार नव्हतं. आणि मला पान्हा फुटला. मी कितीही ठरवलं असतं तरी तो थांबला नसता. पोलक्यावर दोन्ही बाजूंनी ओल पसरली, साहेबांसमोर, मामाजींसमोर, त्या चार लेकरांच्या बापासमोर. नवऱ्यानं खालच्या आवाजात म्हटलं, पदर घे. मी पदर घेतला नाही.

मी म्हटलं, "आरोप कायचा साहेब, पोरगी हाय. माही हाय."

मामाजी खुर्चीत खाली खाली होत गेले, आणि त्यांची मला दया आली, खरंच आली. तक्रारदार सगळे दात दाखवत हसला. साहेबांची नजर कुठं ठेवावी ते त्यांना समजत नव्हतं, ते कागदाकडे पाहत म्हणाले की बाई, तुम्ही आधी बाहेर जा, लेकराला पाजा, बाकीचं आपण नंतर लिहून घेऊ.

मी उठले नाही. मेंबर म्हणून ते माझं शेवटचं बसणं होतं.

"पाजीन, साहेब. पयले लिवा. दोन नाही, तीन. आन् तिसरी बी माहीच."